पाणी ओसरल्यावरचे पाहुणे

श्रोतेहो, राम राम. बदकं गेली, थंडी संपली, आता धरणावर बघायला काय उरलं, असं म्हणत आपल्याकडचे पुष्कळ पक्षीमित्र मार्चअखेर दुर्बीण कपाटात ठेवतात. माझं सांगणं आहे, आखाजीपर्यंत तरी ती बाहेर असू द्या.

तापीवरचं हतनूर घ्या, नाहीतर धुळ्याजवळचा नकाणे तलाव. गावच्या विहिरी तळाला गेल्या असताना तलाव आटल्याचा आनंद कुणाला होणार? पण पाणी मागे सरतं तसा गाळ उघडा पडतो आणि त्या ओल्या गाळात अळ्या-किड्यांचं भरपूर खाणं असतं. तलाव तुडुंब असताना काठावर चरणाऱ्या पक्ष्यांना पाय टेकायलाही जागा नसते. आता शेकाट्या पोटापर्यंत पाण्यात उतरतो, ठिपकेवाली तुतारी घोटाभर पाण्यात फिरते, आणि अगदी कडेला, नुसत्या ओलीवर, छोटा टिलवा.

हा टिलवा नीट बघा. चिमणीएवढा जीव, वजन पंचवीस-तीस ग्रॅम. मान खाली घालून शिलाई मशीनच्या सुईसारखी चोच चालवत राहतो. हिवाळ्यात राखाडी दिसणारी पाठ एप्रिलमध्ये तांबूस होते, कारण त्याला थेट उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात जाऊन वीण घालायची असते. त्या प्रवासाची चरबी तो आपल्या चिखलातून गोळा करतो. पाय काळे असतील तर छोटा टिलवा, पिवळसर असतील तर टेमिंकचा. पाठीचा हा रंगबदल जानेवारीत येणाऱ्याला दिसतच नाही!

सकाळी लवकर जा, सूर्य पाठीशी ठेवा. ऊन चढलं की झळांमुळे पलीकडचं सगळं थरथरतं आणि पाय काळे की पिवळे, काही कळत नाही. चालत राहू नका, एका जागी बसा. पक्षी चरत चरत आपणच जवळ येतात.

एक काळजी मात्र घ्या. याच दिवसांत नदी सुरय आणि कंठेरी चिखल्या उघड्या वाळूवर, खड्यांत अंडी घालतात. पाणी उतरलं की बेटं काठाला जोडली जातात आणि कुत्र्यांना वाट मिळते. आपली पावलं त्यात नकोत. अंडी खड्यांसारखीच ठिपक्यांची, पायाखाली आली तरी दिसत नाहीत. चिखल्या पंख मोडल्यासारखा फरफटत पुढे पळाला, तर घरटं जवळच आहे असं समजा. त्याच्या मागे जाऊ नका. आलात त्याच पावलांवरून मागे फिरा.