चकलीचं तेल आणि बिल्डिंगचं चेंबर

नमस्कार नाशिककर मंडळी. आज पाण्याबद्दल बोलायचंय, पण येणाऱ्या नाही, जाणाऱ्या पाण्याबद्दल. नळाला पाणी किती वाजता येतं हे आपल्याला झोपेतही पाठ असतं, सिंकमधून ते पुढे कुठे जातं हे मात्र कोणी विचारत नाही. मीपण विचारत नव्हते, तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीपर्यंत.

झालं असं, वसुबारसेच्या आधी दोन दिवस घरात फराळाचा धडाका. शंकरपाळे डालड्यात, चकल्या तेलात. भाजणी सासूबाईंच्या हातची, तीळ आणि ओवा दोन्ही, आमच्याकडे ओवा लागतोच. (विकतची चकली ज्यांना आवडते त्यांनी खुशाल आणावी बापडी, पण तिला काटा नसतो, नुसतं कडं असतं ते.) तर रात्री साडेअकरा वाजलेले, पाय भरून आलेले, कढईच्या तळाला काळपट तेल आणि जळके तीळ, म्हटलं आता कोण गाळत बसणार, दिलं सिंकमध्ये ओतून आणि वरून गरम पाणी सोडलं. गरम पाण्याने सगळं वाहून जातं अशी माझी ठाम समजूत. डालड्याचंही तेच केलं, दुसऱ्या दिवशी शेवेच्या तेलाचंही तेच.

मग उजाडली नरकचतुर्दशी. पहाटे पाचला अख्खी बिल्डिंग अभ्यंगस्नानाला, सगळ्यांचं पाणी एकदम खाली, आणि तळमजल्यावरच्या काकूंची आरोळी! त्यांच्या बाथरूमच्या जाळीतून पाणी उलटं वर येत होतं, उटण्याच्या वासासकट. दिवाळीच्या दिवशी माणूस मिळेना, नऊ वाजता एक दादा आले, बांबूची लांब पट्टी घेऊन. चेंबरचं झाकण काढलं, पट्टी घातली, ढोसलं, ओढलं, परत ढोसलं, आणि बाहेर आला एक पांढरट पिवळा गोळा, नारळाएवढा, साबणाच्या वडीसारखा घट्ट. चेअरमन सगळ्यांकडे बघत म्हणाले, हे कोणाचं? सगळे चिडीचूप, मी तर सगळ्यात जास्त. तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या, चष्मा सारखा करून वाकून बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अगं, यात ओवा पण आहे. हे आपलंच की!"

हसू नका हो. ते दादा मला काय म्हणाले ते ऐका. म्हणाले, "ताई, इथं अडकलं म्हणून कळलं तरी. पुढं मेन लाईनला अडकलं असतं तर रस्त्यावरच्या चेंबरमधून उसळून पावसाळी गटारात, अन् तिथून सरळ नासर्डीत." आणि नासर्डी टाकळीला गोदेला मिळते. म्हणजे माझा ओवा गंगेवर, गोदेला आपण गंगाच म्हणतो ना.

तेव्हा पहिली गोष्ट, तेल सिंकमध्ये नाही. गरम पाण्याने ते फक्त चार हात पुढे जातं, थंड झालं की साबणाबरोबर पाईपला चिकटून बसतं. आणि समजा पोचलंच तपोवनच्या सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लॅंटपर्यंत, तर तिथे घाण खाणारे जे जिवाणू असतात, तेलाचा थर आला की त्यांना नीट काम करता येत नाही. कढई आधी रद्दी पेपरने पुसा, मग घासा. तेल गार झालं की जुन्या बाटलीत, बूच घट्ट, आणि घंटागाडीवाल्याला सांगून वेगळं द्या. परत सांगते, तेल सिंकमध्ये नाही. मिसळीची उरलेली तर्रीसुद्धा नाही, मुळात तर्री उरतेच कशी हे मला कळत नाही.

दुसरं, कपड्यांची पावडर. एका मापात काम होत असेल तर दोन कशाला, जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ असं काही नसतं. उन्हाळ्यात गोदेवर पाणवेली पसरलेल्या दिसतात ना, त्यांना सांडपाण्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फेट म्हणजे आयतं खत. मुदत संपलेली औषधं फ्लश करू नका. निर्माल्याचं आता सगळ्यांना माहितीये, ते सोडून देते.

एक मात्र मला फार खटकतं. गंगापूर धरणातून जायकवाडीला पाणी सोडायचं की नाही, यावरून दुष्काळाच्या वर्षी आपण किती तावातावाने भांडतो. आणि सांडपाणी? ते मात्र न मागता, वर्षभर, फुकट. पैठणला जायकवाडीतून तेच उपसून पुढे संभाजीनगरला पितात हो. 2027 चा कुंभ आला की घाट चकाचक होतील, होऊ देत, पण कढई आपल्याच घरात आहे.

आमच्या ओट्याखाली आता बाटली असते. यंदा भाजणीला धान्य निवडताना मी सासूबाईंना म्हटलं, ह्या वेळी ओवा नको घालूया. त्या मान वर न करता म्हणाल्या, "का गं, ओळख पटते म्हणून?"