बटेव्हियाच्या माळरानावरचा कणवेगवर्धक

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत शिकागोच्या पश्चिमेला, बटेव्हिया गावाशेजारच्या माळरानाखाली सुमारे ६.३ किलोमीटर परिघाचा एक वर्तुळाकार बोगदा आहे. फर्मी राष्ट्रीय प्रयोगशाळेचा टेव्हाट्रॉन हा कणवेगवर्धक, म्हणजे प्रोटॉनसारख्या सूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणारे यंत्र, १९८३ पासून २०११ पर्यंत याच बोगद्यात चालला आणि जिनिव्हाजवळचा लार्ज हेड्रॉन कोलायडर हा वेगवर्धक पुढे जाईपर्यंत जगातील सर्वाधिक ऊर्जेचा वेगवर्धक तोच होता. असे प्रचंड आणि खर्चिक यंत्र उभारण्यासाठी समाजापुढे कोणते कारण मांडावे, या प्रश्नाचे मला ठाऊक असलेले सर्वांत प्रामाणिक उत्तर याच प्रयोगशाळेचे पहिले संचालक रॉबर्ट विल्सन यांनी दिलेले आहे.

तो दिवस १७ एप्रिल १९६९ चा. टेव्हाट्रॉनच्या आधीचा वेगवर्धक या जागी बांधायचा होता, त्यासाठी सुमारे २५ कोटी डॉलर हवे होते, आणि अमेरिकी काँग्रेसच्या संयुक्त अणुऊर्जा समितीपुढे विल्सन यांची साक्ष चालू होती. देश व्हिएतनाममध्ये लढत होता, सोव्हिएत संघाशी चुरस होती. तेव्हा या यंत्राचा राष्ट्राच्या सुरक्षेला काही उपयोग आहे का, असे सिनेटर जॉन पास्टोर यांनी विचारले. विल्सन यांनी नाही म्हणून सांगितले. पास्टोर यांनी पुन्हा पुन्हा विचारले, तरी उत्तर बदलले नाही. या यंत्राचा संबंध माणसाच्या प्रतिष्ठेशी आणि संस्कृतीवरील प्रेमाशी आहे, आपल्याकडे चांगले चित्रकार, शिल्पकार आणि कवी आहेत की नाहीत याच्याशी आहे, असे त्यांनी सांगितले. देशाच्या रक्षणाशी त्याचा थेट संबंध नाही, मात्र देश रक्षण करण्याच्या योग्यतेचा व्हावा यासाठी त्याची मदत होते, असा त्यांच्या उत्तराचा शेवट होता.

हे उत्तर देणारा मनुष्य युद्धाला अपरिचित नव्हता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. विल्सन यांनी लॉस अलामोस येथे अणुबॉम्बच्या प्रकल्पात काम केले होते. शिवाय उपयोगाचे उदाहरण द्यायचे तर त्यांच्याजवळ स्वतःचेच होते. वेगवान प्रोटॉन शरीरात ठरावीक खोलीवर जाऊन आपली बहुतेक ऊर्जा तेथेच सोडतात, म्हणून कर्करोगाच्या गाठीवर त्यांचा मारा करता येईल, हे त्यांनी १९४६ मध्येच लिहून ठेवले होते. आज आपल्या नवी मुंबईत, खारघर येथे टाटा मेमोरियल केंद्रात प्रोटॉन उपचार होतात, त्यांचे मूळ या विचारात आहे. तरीही पास्टोर यांना उत्तर देताना विल्सन यांनी या उपयोगाचा आधार घेतला नाही. मूलभूत संशोधनाचे समर्थन केवळ त्याच्या उपफळांवर करण्याची सवय आपल्याला लागली आहे, आणि मला ती घातक वाटते. कारण उपफळ दिसले नाही की संशोधनच निरर्थक ठरवले जाते.

विल्सन हे बोलून थांबले नाहीत. ते स्वतः शिल्पकार होते आणि प्रयोगशाळेच्या आवारात त्यांची शिल्पे उभी आहेत. मुख्य सोळा मजली इमारतीच्या दोन भिंती वर जाताना एकमेकींकडे झुकत जातात. त्या रचनेमागे फ्रान्समधील बोव्हे येथील कॅथीड्रलची प्रेरणा होती. बांधकामात मात्र काटकसर इतकी कडक होती की ठरलेल्या रकमेपेक्षा कमी खर्चात पहिला वेगवर्धक पूर्ण झाला. आवारात त्यांनी बायसन, म्हणजे अमेरिकी गवे, आणले, आणि पुढे तेथे मूळच्या गवताळ प्रदेशाचे पुनरुज्जीवनही सुरू झाले.

टेव्हाट्रॉनचे अतिसंवाहक, म्हणजे विजेला रोध न करणाऱ्या तारांचे, चुंबक द्रवरूप हेलियमने उणे २६८ अंश सेल्सियसच्या आसपास थंड ठेवावे लागत. एवढ्या मोठ्या प्रमाणावर असे चुंबक वापरणारा हा पहिलाच वेगवर्धक होता. निधी पुरेसा मिळत नसल्याने विल्सन यांनी १९७८ मध्ये राजीनामा दिला आणि हे यंत्र पुढचे संचालक लिऑन लेडरमन यांच्या कारकिर्दीत पूर्ण झाले. प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन (प्रोटॉनचा विरुद्ध विद्युतभाराचा प्रतिकण) यांच्या टकरींतून १९९५ मध्ये येथे टॉप क्वार्क सापडला. हा मूलकण असूनही त्याचे वस्तुमान जवळपास सोन्याच्या अख्ख्या अणूइतके आहे! त्या शोधातील डी-झीरो प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ सहभागी होते.

हा संबंध आजही टिकून आहे. बटेव्हियात सध्या एक नवा रेषीय वेगवर्धक बांधला जात आहे आणि त्यासाठी ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रासह अणुऊर्जा विभागाच्या संस्था यंत्रसामग्री तयार करीत आहेत. त्याच्या बळावर निर्माण होणारा न्यूट्रिनोंचा, म्हणजे द्रव्यातून जवळजवळ न अडता जाणाऱ्या सूक्ष्म कणांचा, झोत जमिनीतून सुमारे १३०० किलोमीटर दूर, दक्षिण डाकोटातील एका जुन्या सोन्याच्या खाणीत बसवल्या जाणाऱ्या, हे कण टिपणाऱ्या शोधक यंत्राकडे पाठवला जाईल. न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो यांच्या वागण्यात फरक आहे का, आणि विश्वात प्रतिद्रव्य, म्हणजे प्रतिकणांचे बनलेले द्रव्य, नाहीसे होऊन द्रव्यच का उरले या कोड्याशी त्या फरकाचा संबंध आहे का, हे तेथे तपासले जाणार आहे.

नमस्कार.