दोन मिलिमीटर

इंजिनाचा स्पार्क प्लग काढलाय. त्याच भोकात आता डायल गेज बसतंय, पिस्टन किती वर-खाली झाला ते मोजणारं काट्याचं मीटर. काट्यावर नजर ठेवा.

ही मोटारसायकल राजदूत ३५०, म्हणजे यामाहाची आरडी ३५०. एस्कॉर्ट्सनं १९८३ मध्ये भारतात आणली. ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर. सुरुवातीच्या 'हाय टॉर्क' मॉडेलला साडेतीस हॉर्सपॉवर. पेट्रोल फार पिते म्हणून लोकांनी नाकं मुरडली. त्यांचं ऐकलं असतं तर आज ही उभी नसती.

पॉइंट म्हणजे स्विच, तो उघडला की प्लगला ठिणगी पडते. मिस्त्री आधी पॉइंटची गॅप लावतात, साधारण ०.३५ मिलिमीटर, मग टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ. हा क्रम उलटा चालत नाही. गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग आपोआप अ‍ॅडव्हान्स होतं, ठिणगी आधी पडते.

पिस्टन अगदी वर आला. काटा शून्यावर. आता क्रँक उलटा फिरवायचा, दोन मिलिमीटरच्या जरा पलीकडे न्यायचा आणि सावकाश परत आणायचा. काटा दोनवर येतोय... पॉइंटला जोडलेला बल्ब लागला. पॉइंट उघडला. ठिणगी इथं पडणार. दुसऱ्या सिलिंडरचा पॉइंट वेगळा, तिथं हेच सगळं पुन्हा. नव्या गाडीत हा हिशेब एका बंद डब्यात असतो. बिघडला की डबाच बदलायचा. इथं स्क्रू-ड्रायव्हर पुरतो.

अ‍ॅडव्हान्स फार झालं तर पिस्टनला भोक पडतं. दाखवायला तसा पिस्टन शूटिंगच्या दिवशी गॅरेजात नव्हता.

आता हवा-पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर. तेही दोन. दोन्हींच्या स्लाइड, म्हणजे हवेची वाट उघडणाऱ्या झडपा, एकदमच उचलल्या पाहिजेत. मिस्त्री आत बोटं घालून अंदाज घेतात. या गाडीला एक्स्पान्शन चेंबर, म्हणजे ताकद वाढवणारे फुगीर सायलेन्सर, बसवलेत, एअर फिल्टरही मोकळा केलाय. हवा वाढली, म्हणून मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं छिद्र, मोठा हवा. किती मोठा, ते प्लग सांगतो.

मोकळा रस्ता. थ्रॉटल पूर्ण उघडा. क्लच दाबला, इंजिन तिथल्या तिथं बंद. प्लग बाहेर. बघा, पांढरट. मिश्रण लीन आहे, पेट्रोल कमी, पिस्टन भाजतोय. असंच पळवलं तर इंजिन जाम. जेट बदलला, पुन्हा तोच रस्ता. हा प्लग चॉकलेटी, म्हणजे बरोबर. मिस्त्री काही बोलत नाहीत, नुसता प्लग कॅमेऱ्यापुढे धरतात.

अर्ध्या थ्रॉटलला अडखळत होती, तो दोष कार्बोरेटरमधल्या सुईचा. सुईवरची क्लिप एक खाच खाली, म्हणजे सुई वर, पेट्रोल जास्त.

धूर होतो, चेंबरचा आवाज नियमात बसत नाही, पोलीस दंड करतात.

किक. टॅकोमीटर बघा, इंजिनाचे मिनिटाला किती फेरे ते. पाच हजारांपर्यंत गाडी निमूट चालते, त्यापुढे...

(इथून निवेदन नाही. इंजिनाचा आवाज पूर्ण.)