गोव्यात पिझ्झा, पण कुठल्या गावचा?

नमस्कार श्रोतेहो.

गोव्यात पिझ्झा कुठे मिळतो, असं विचारायचे दिवस गेले. म्हापशात मिळतो, फोंड्यात मिळतो, जत्रेच्या फेरीत खाज्याच्या दुकानाशेजारीसुद्धा मिळतो. आज मला विचारायचंय ते वेगळंच. समोर आलेला पिझ्झा कुठल्या गावचा? कारण पिझ्झा म्हणजे एकच एक पदार्थ नव्हे. नापोलीचा, म्हणजे नेपल्सचा, वेगळा, रोमचा वेगळा, सिसिलीचा आणखी वेगळा. आणि इटलीतून निघालेली माणसं अमेरिकेत उतरल्यावर तर न्यूयॉर्क, न्यू हेवन, शिकागो, डेट्रॉइट, प्रत्येक शहरानं आपापला पिझ्झा घडवला. तिथली माणसं त्यावरून भांडतात. आपण शीतकडीवरून भांडतो तितक्याच जोमानं.

एवढं ध्यानात ठेवून आपल्या किनाऱ्यावरून फिरलात, की हॉटेलांच्या पाट्या वाचायला मजा येते. हणजूण, आसगाव, मोरजी, हरमल, खाली काणकोणात पाळोळे. कुठे 'अस्सल इटालियन' लिहिलेलं असतं, कुठे 'नापोलीटन', आणि 'लाकडाच्या भट्टीतला' हे तर जवळपास सगळीकडे. ही शेवटची पाटी फसवी. खोटी नाही हं, फसवी. लाकडावर भाजला म्हणजे नापोलीचा झाला असं गिऱ्हाईक धरून चालतं, आणि मालकही त्याला चालू देतो.

मग कोणी म्हणेल, चवीला चांगला असला की झालं, गाव कशाला विचारायचं? तर पुण्या-मुंबईत कुठेतरी 'गोवन पोयी' म्हणून हातात काय पडतं ते आठवा. मैद्याचा गुबगुबीत गोल पाव, वरून थोडा कोंडा भुरभुरलेला. वाईट नसतो तो, भाजीबरोबर खाल्लाही जातो. पण गोव्याचा माणूस तो मोडतो, आत पोकळी नाही हे बघतो, आणि म्हणतो, "ही पोयी न्हय." नापोलीकराचं म्हणणं याहून फार मोठं नाही.

त्यांनी फक्त ते कागदावर उतरवलंय. १९८४ साली नापोलीत खऱ्या नापोलीटन पिझ्झ्याची एक संघटना उभी राहिली आणि तिनं नियम लिहून काढले. २०१० मध्ये युरोपीय संघानं या पिझ्झ्याच्या पारंपरिक कृतीला संरक्षण दिलं. २०१७ मध्ये युनेस्कोनं नापोलीच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आता परंपरा शेकडो वर्षांची आणि नियम काल-परवाचे, हे खरंच. राणी मार्गेरिता १८८९ मध्ये नापोलीला आली आणि तिच्यासाठी इटलीच्या झेंड्याच्या तीन रंगांचा पिझ्झा केला गेला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. त्या गोष्टीबद्दलही इतिहासकारांना शंका आहेत. आणि दुसऱ्या महायुद्धाआधी उत्तर इटलीतल्या पुष्कळ घरांना पिझ्झा नीटसा ठाऊकच नव्हता. म्हणून परंपरेच्या नावानं गळा काढणाऱ्यांकडे मी जरा सबुरीनं बघतो. नियम मात्र मला आवडतात, कारण त्यातली प्रत्येक ओळ तोंडात कळते.

एक लिटर पाणी, ५० ते ५५ ग्रॅम मीठ, यीस्ट फक्त ३ ग्रॅम, आणि पीठ १.७ ते १.८ किलो. तेल नाही, साखर नाही. पीठ मळून फुगू द्यायचं, मग १८० ते २५० ग्रॅमचे गोळे करून पुन्हा काही तास ठेवायचे. लाटण्याला सक्त मनाई. बोटांनी मधून कडेकडे दाबत जायचं, म्हणजे पिठातली हवा कडेला सरकते आणि भट्टीत गेल्यावर तीच कड टम्म फुगते. भट्टीचा तळ ४८५ अंश सेल्सियसच्या आसपास, आणि भाजायला वेळ ६० ते ९० सेकंद. दीड मिनिट, बस्स. घरातला चांगला ओव्हन अडीचशे अंशांवर धापा टाकतो, हे लक्षात घ्या.

इथे आपल्या पोदेराची, म्हणजे गावच्या पाववाल्याची, आठवण आल्याशिवाय राहत नाही. त्याचं फोर्न म्हणजे पावाची भट्टी, तेही घुमटाचं, तेही लाकडाचं. पोर्तुगिजांच्या काळात साष्टीत ही पावाची विद्या रुजली, आणि यीस्टची पुडी येण्याआधी पोदेर माडाच्या सुरेनं पीठ आंबवायचे. पण पोदेर आत जाळ करतो, भट्टी तापली की निखारे बाजूला ओढतो, तळ झाडून घेतो आणि दार लावून साठलेल्या उष्णतेवर पाव भाजतो. पिझ्झावाला जाळ विझू देतच नाही. भट्टीच्या एका कडेला ज्वाळा पेटलेली, ती घुमटाला चाटत पलीकडे जाते, दार उघडंच. खालून दगड भाजतो, वरून ज्वाळा. म्हणून कडेवर ते काळे ठिपके येतात आणि मधला भाग मऊ, ओलसर राहतो. पोदेराच्या फोर्नात पिझ्झा ठेवलात तर उत्तम पावासारखा पिझ्झा मिळेल. नापोलीचा मिळणार नाही.

बारदेशातल्या एका जागी भट्टीवर उभा असणारा मुलगा वेंगुर्ल्याकडचा आहे. एका इटालियन बाईच्या हाताखाली तो शिकला. मी विचारलं, यातलं अवघड काय? मला वाटलं, आग म्हणेल. तो म्हणाला, "काका, पिठाक घाय करून चलणा नाय." आणि मग त्यानं जे सांगितलं ते कुठल्या पाकपुस्तकात गोव्यासाठी म्हणून लिहिलेलं मला दिसलं नाही. नियम लिहिले गेले ते साधारण २५ अंशांच्या खोलीसाठी. आपल्याकडे मे महिन्यात सकाळीच तीस ओलांडतं. तितकंच यीस्ट घातलं तर दुपारपर्यंत पीठ आंबून वाहायला लागतं. म्हणून तो उन्हाळ्यात यीस्ट आणखी कमी करतो, बर्फाचं पाणी वापरतो, गोळे थंड खोलीत ठेवतो. पावसाळ्यात मैदाच हवेतली ओल पिऊन बसलेला असतो, तेव्हा पाणी हात राखून घालायचं. आणि पावसात बंद पडलेली भट्टी ऑक्टोबरात एकदम पेटवायची नाही. कित्येक दिवस बारीक जाळ घालून तिला सुकवायचं, नाहीतर घुमटाला तडे जातात. त्याची गुरू तिकडून हजारो मैलांवरून आलेली, आणि हा मुलगा तेच शिकलेलं गोव्याच्या हवेशी रोज नव्यानं जुळवतोय. माझ्या मते अस्सलपणा असलाच तर तो इथे असतो, आयात केलेल्या डब्यांत नाही.

डब्यांविषयी सांगायलाच हवं. नापोलीजवळच्या सारनो-नोचेरा भागात पिकणाऱ्या सान मार्झानो टोमॅटोला मोठा मान आहे. इथे येईपर्यंत त्या डब्याची किंमत ऐकून टोमॅटो लाल का झाला ते कळतं. आपले टोमॅटो आंबट आणि पाणचट, तेव्हा डबा आणणाऱ्याला मी दोष देत नाही. पण डब्यापेक्षा महत्त्वाचं हे की नापोलीत तो टोमॅटो शिजवत नाहीत. हातानं कुस्करायचा, मीठ घालायचं, झालं. कांदा-लसूण परतून, ओरेगॅनो घालून तासभर रटरटवलेला सॉस वर आला, की समजावं, गाव बदललं.

चीजचं उलट आहे. नापोलीच्या कांपानिया प्रांतातलं मानाचं मोझरेला म्हशीच्या दुधाचं, आणि नदीकाठची ही म्हैस माणसाळली ती मुळात भारतीय उपखंडात. दूध तर आपल्याकडे भरपूर. देशातच ताजं, पाण्यात बुडवलेलं मोझरेला करणारे आता बरेच झालेत, आणि चांगलं करतात. ते आधी कापून निथळत ठेवलं नाही तर पिझ्झ्यावर तळं साचतं, इतकीच अट. पानं बेझिलची. फालुद्यात घालतो तो सब्जा ज्या जातीच्या झाडाचा, त्याच जातीतली ही पानं, फक्त वाण वेगळं, वास वेगळा. वृंदावनातली तुळस मात्र घालू नये. कोणीतरी हौसेनं घातलेली मी खाल्ली आहे. सर्दी बरी झाली असेल कदाचित.

इतकं सगळं जुळवून आणलं की गिऱ्हाईक येतं, आणि म्हणतं, "हा जळलाय, आणि मध्ये कच्चा राहिलाय." हे मी शेजारच्या टेबलांवर वारंवार ऐकलंय. काळे ठिपके म्हणजे त्याला करपलेलं वाटतं, आणि मधला ओला भाग हातात धरल्यावर खाली लोंबतो म्हणून राग येतो. नापोलीत तो सुरी-काट्यानं खातात, नाहीतर चार घड्या घालून. इथे मालकाचं काय होतं बघा. दोन-तीन ताटं परत आली की तो आच कमी करतो, वेळ वाढवतो, चीज दुप्पट करतो आणि टेबलावर तिखटाच्या पुड्या ठेवतो. धंदा चालतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, फक्त पाटीवरचं नापोली पुसलं असतं.

म्हणून ओळखायचं कसं, तर साध्यावर. नापोलीचे नियम दोनच प्रकारांना आपलं म्हणतात, मार्गेरिता आणि मरिनारा. मरिनारा मागवा. त्यावर टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो आणि ऑलिव्ह तेल, चीज अजिबात नाही. लपायला जागाच नाही. पीठ चुकलं तर पहिल्या घासाला कळतं. आणि मरिनारावर कोळंबी आली तर हसून खाऊन टाका, पण तो नापोलीचा नाही. दुसरं, घरी पार्सल नेऊ नका. दीड मिनिटात भाजलेला पिझ्झा खोक्यात वीस मिनिटं राहिला की वाफेनं चामट होतो. आधी खा, फोटो मग. आणि पावसाळ्यात जाण्याआधी फोन करून विचारा की भट्टी पेटवलीय का. किनाऱ्यावरचे शॅक मोसम संपला की मोडूनच ठेवावे लागतात, आणि उघड्या राहिलेल्या काही जागी जून-जुलैत विजेच्या ओव्हनवर भागवतात.

बाकीच्या गावांचं काय? रोमचा पातळ, कुरकुरीत पिझ्झा खरं तर आपल्या लोकांच्या आवडीला जास्त जवळचा. तिथे मोठ्या आयताकृती ट्रेमध्ये भाजून, तुकडा कापून वजनावर विकायचीही रीत आहे. पणजीच्या मार्केटाजवळ कोणी ते सुरू केलं तर दुपारच्या वेळी ऑफिसवाल्यांची रांग लागेल. डेट्रॉइटचा तर घरीच करावा. १९४६ साली तिथल्या बडीज नावाच्या बारमध्ये तो सुरू झाला. मोटारींच्या कारखान्यांत सुटे भाग ठेवायला असत तसले जाड पोलादी चौकोनी ट्रे त्यांनी वापरले. पीठ जाड, चीज अगदी कडेपर्यंत, म्हणजे ते ट्रेच्या भिंतीला लागून खरपूस होतं, आणि टोमॅटो सगळ्यात वर. याला ४८५ अंश लागत नाहीत, घरच्या ओव्हनवर होतो. तिथलं विस्कॉन्सिनचं ब्रिक चीज इथे मिळायचं नाही. मोझरेलात थोडं चेडार मिसळा, आणि ट्रे पातळ ॲल्युमिनियमचा नको, काळा पडलेला जाड लोखंडी घ्या.

चोरीसचा, म्हणजे आपल्या डुकराच्या मांसाच्या सॉसेजचा, पिझ्झा याच यादीत का नाही, असं कोणीतरी मनात म्हणत असेल. तो मला फार आवडतो. व्हिनेगर आणि लाल मिरचीची चव, चरबी सुटून चीजवर पसरलेली, सोबत कच्चा कांदा. पण तो गोव्याचा पिझ्झा आहे, आणि त्याला इटलीतल्या कुठल्याच गावाचा दाखला लागत नाही. मेनूवर 'गोव्याचा' असं छातीठोक लिहावं.

राहिला न्यू हेवन. फ्रँक पेपे नावाच्या इटालियन माणसानं १९२५ मध्ये तिथे दुकान काढलं, कोळशाची भट्टी. त्या दुकानाचा सगळ्यात गाजलेला पिझ्झा म्हणजे शिंपल्यांचा. टोमॅटो नाही, मोझरेला नाही. ताजे सोललेले शिंपले, लसूण, ऑलिव्ह तेल, ओरेगॅनो आणि वरून थोडं किसलेलं मेंढीच्या दुधाचं चीज. आता मला सांगा, तिसऱ्या, म्हणजे आपल्याकडचे शिंपलेच, आवडीनं खाणाऱ्या प्रदेशात हा पिझ्झा सहज मिळायला नको का? मला अजून मिळालेला नाही. तिसऱ्यांना पाणी सुटतं आणि नीट धुतल्या नाहीत तर रेती दाताखाली येते. तेव्हा त्या आधी मिठाच्या पाण्यात ठेवून, कच्च्याच सोलून, पाणी निथळून, खूप तापलेल्या भट्टीत घालाव्या लागतील. वेंगुर्ल्याच्या त्या मुलाला मी सांगून आलोय. तो म्हणाला, मालकीणबाईंना विचारतो. श्रोत्यांपैकी कोणी आधीच करत असेल, तर आकाशवाणीच्या पणजी केंद्राला पत्र टाकून जरूर कळवा. या माइकवरून दुकानाचं नाव घ्यायची मला परवानगी नाही, पण खायला यायला कोणाची परवानगी लागत नाही.

नमस्कार.