आगमनकाळ : आम्ही काय करावं?

(दृश्य : डिसेंबरची संध्याकाळ, राजवाड्यासमोरची गर्दी)

इंदुरात थंडी पडली की सराफ्यात गराडूच्या कढया तापतात आणि दुकानांच्या दारात चमचमते तारे लटकू लागतात. बाजाराचा नाताळ केव्हाच सुरू झालेला असतो. चर्चच्या पंचांगात मात्र तो अजून यायचा आहे. तिथे सध्या आगमनकाळ, म्हणजे नाताळाच्या तयारीचा काळ, चालू आहे. ३० नोव्हेंबरला सर्वांत जवळ येणारा रविवार हा त्याचा पहिला दिवस, आणि तिथून नाताळापर्यंत चार रविवार.

वेदीवर जांभळं वस्त्र असतं. हा पश्चात्तापाचा रंग. हिरव्या पानांच्या चक्रावर दर रविवारी एक मेणबत्ती वाढते. ही पद्धत १८३९ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्गचे धर्मोपदेशक योहान विखर्न यांनी आपल्या आश्रमातल्या गरीब मुलांसाठी सुरू केली.

(दृश्य : मराठी घरातली सायंप्रार्थना, पेटी आणि टाळ)

चर्चमधली उपासना हिंदीत असली, तरी मराठी ख्रिस्ती घरातली संध्याकाळची प्रार्थना मराठीतच होते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं पेटीवर म्हटली जातात आणि मग शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधली येशूची चरित्रकथा, उघडतं. या दिवसांत हमखास वाचला जातो तो लूकने लिहिलेल्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय.

यार्देन नदीकाठी बाप्तिस्मा करणारा योहान, येशूच्या येण्याची वर्दी देणारा संदेष्टा, जुन्या काळच्या यशया संदेष्ट्याची हाक पुन्हा देतो आहे : प्रभूचा मार्ग तयार करा, खोरी भरून काढा, वाकडं ते सरळ करा. लोक गोंधळतात. विचारतात, “मग आम्ही काय करावं?”

योहानाचं उत्तर नीट ऐकण्यासारखं आहे. तो कोणालाही घरदार सोडून रानात चल म्हणत नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत, त्याने ज्याला एकही नाही त्याला एक द्यावा. जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नये. शिपायांनी कोणाला धाकदपटशा दाखवू नये, आपल्या पगारात समाधान मानावं. म्हणजे ज्याचा जो रोजचा व्यवहार, तिथेच त्याचं मन देवासाठी तयार व्हायचं. मोलकरणीचा थकलेला पगार, काट्यावरचं माप, वाड्याच्या वाटणीवरून भावाशी धरलेला अबोला... आपल्या रस्त्यातले खड्डे आपल्याला ठाऊक असतात. करंज्या-चकल्यांचा घाणा पुढच्या आठवड्यात काढला तरी चालेल. भावाला फोन आज व्हायला हवा.

(दृश्य : उदयनगरकडे जाणारा रस्ता)

सगळ्यांत अवघड खड्डा असतो क्षमेचा. आणि त्याबद्दल बोलायचं तर इंदूरकरांना दूर जावं लागत नाही.

सिस्टर राणी मारिया या मूळच्या केरळच्या ख्रिस्ती संन्यासिनी. इंदूरजवळच्या उदयनगर परिसरातल्या आदिवासी शेतकऱ्यांमध्ये त्या काम करत. सावकारी कर्जाच्या विळख्यातून सुटण्याचा मार्ग त्यांनी या माणसांना दाखवला, आणि तेच काहींना सललं. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला येणाऱ्या बसमध्ये, प्रवाशांच्या देखत, एका भाडोत्री माणसाने सुरीचे वार करून त्यांना मारलं.

त्यांची सख्खी धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, पुढे तुरुंगात गेल्या. ज्या हातांनी बहिणीला मारलं, त्यांतल्या एका हाताच्या मनगटावर त्यांनी राखी बांधली.

इथे घाई करून पुढे जाऊ नये. हे धाडस एका सकाळी आलेलं नसणार. प्रार्थनेत पुन्हा पुन्हा त्या मारेकऱ्याचंच नाव घ्यावं लागलं असेल, तेही दुखत असताना. मनाची तयारी म्हणतात ती हीच, असं आम्हाला मनापासून वाटतं. ही घटना आगमनकाळातली नाही, पण आगमनकाळ जे मागतो ते यात पुरेपूर आहे.

तो माणूस बदलला. कुटुंबाने माफ केल्यावर त्याची सुटका झाली. नंतर तो केरळात त्यांच्या घरी गेला आणि त्या आईने त्याला जवळ केलं. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच राणी मारिया यांना ‘धन्य’, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित करण्यात आलं.

(दृश्य : चर्चमध्ये प्रायश्चित्त संस्कारासाठी, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली देण्यासाठी, लागलेली रांग)

नाताळाआधीच्या आठवड्यात ही रांग वाढत जाते. कोणी दुकान बंद करून आलेला, कोणी कॉलेजातून थेट. प्रत्येकाच्या ओठांवर तोच जुना प्रश्न आहे : आम्ही काय करावं?