दोरा, वारा आणि साडेअठरा तास

हा पृथ्वीगोल, आणि हा शिवणकामाचा साधा दोरा. एक टोक सिंगापूरच्या चांगी विमानतळावर धरू, दुसरं न्यूयॉर्कच्या जेएफकेवर. आता दोरा ताणून धरा. बघा कुठून गेला! थेट उत्तर ध्रुवाला खेटून.

शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात हे कधी दिसलं नव्हतं. सिंगापूर 104 अंश पूर्वेला, न्यूयॉर्क 74 अंश पश्चिमेला. बेरीज केली तर 178, म्हणजे जवळजवळ अर्धं वर्तुळ. दोन शहरं पृथ्वीच्या समोरासमोरच्या रेखांशांवर, म्हणून जवळची वाट ध्रुवाकडून. ती भरते 15,349 किलोमीटर.

विमानाचा वेग ताशी साधारण 900 किलोमीटर. भागाकार केला की उत्तर येतं सतरा तास. या दोन विमानतळांमधल्या विनाथांबा उड्डाणाच्या वेळापत्रकात मात्र साडेअठराच्या आसपास. मधला वेळ कुठे गेला?

थोडा इथे, जमिनीवर. विमान पार्किंगमधून हललं की घड्याळ सुरू होतं आणि पलीकडच्या पार्किंगमध्ये थांबलं की बंद. वैमानिक याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंतचं हे रांगणं, रांगेतलं हे थांबणं, सगळं त्यात आलं.

बाकीचा हिशेब या टेबलावर होतो. प्रवाशांना हे टेबल कधी दिसत नाही, आणि दिसायला हवं असं आम्हाला मनापासून वाटतं. हे फ्लाइट डिस्पॅचर, जमिनीवर बसून विमानाची वाट आखणारे. पडद्यावरचे हे बाण म्हणजे वारा. हा जाड पट्टा जेट स्ट्रीम: नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा झोत. पाठीशी ताशी दीडशे किलोमीटरचा वारा मिळाला, तर 900चा वेग जमिनीच्या हिशेबाने 1,050 होतो. तोच वारा समोरून आला, तर 750. म्हणून डिस्पॅचर दोऱ्याची वाट सोडतात आणि विमान पुष्कळदा पॅसिफिकवरून नेतात. किलोमीटर वाढतात, तास वाचतात. ही रेघ रोज नव्याने आखावी लागते. कालचा वारा आज नसतो.

आता इकडे पंखाजवळ या. नळी जोडली, काटा हलू लागला. एअरबस ए350-900 यूएलआर, म्हणजे अल्ट्रा लाँग रेंज, अतिलांब पल्ल्याचं विमान. नेहमीच्या ए350-900मध्ये 1,41,000 लिटर इंधन मावायचं, यात 1,65,000. जादा टाकी बसवलेली नाही, इंधनाची व्यवस्था बदलून ही जागा काढली. वजन सांभाळायला आसनं फक्त 161. नोव्हेंबर 2020मध्ये सिंगापूर ते जेएफके ही सेवा सुरू झाली, तेव्हा जगातलं सर्वात लांब विनाथांबा प्रवासी उड्डाण हेच होतं.

एवढं इंधन वाहून न्यायलाही इंधन जळतं, आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड मागे हवेतच राहतो.

कॉकपिटमध्ये चार वैमानिक, आलटून पालटून. खाली ढग. मग नुसतं पाणी. मग अंधार.

हिवाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ सिंगापूरच्या 13 तास मागे असतं. दुपारी बाराला निघालेलं विमान साडेअठरा तास उडून उतरतं, तेव्हा तिथे त्याच दिवसाची संध्याकाळ असते, साडेपाचची.

इकडे टेबलावर उद्याच्या वाऱ्याचा नकाशा उघडलेला आहे.