आवाजाची पाळी

अध्यक्ष आणि मित्रहो, माझ्यासमोरच्या टेबलावर तीन वस्तू आहेत. पहिली म्हणजे जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतून काढलेला, लांब दांडीचा व्हॉल्यूम कंट्रोल. दुसरी म्हणजे चौदा पायांची ४०६६ ही आय.सी., म्हणजे इलेक्ट्रॉनिक चिप; आपल्या गावात एका मिसळीच्या पैशात अशा तीन येतात. तिसरी म्हणजे तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण साठवलेला मोबाइल. पहिल्या वस्तूचे काम दुसरीकडून कसे करून घ्यावे आणि ते नीट झाले की नाही हे तिसरीने कसे तपासावे, एवढाच आजचा विषय आहे. पत्रिकेत त्याला ‘पी.डब्ल्यू.एम. (पल्स विड्थ मॉड्युलेशन, म्हणजे स्पंदांची रुंदी कमी-जास्त करण्याच्या) पद्धतीचे ध्वनिनियंत्रण’ म्हटले आहे. मी त्याला आवाजाची पाळी म्हणतो. का, ते ऊसपट्ट्यातून आलेल्या मंडळींना माझ्याआधीच कळेल.

तंबोराच का, असे कोणी विचारील. ज्या कोल्हापूरच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब गायले, त्या गावात तरी ध्वनियंत्राची परीक्षा मोठ्या आवाजावर होऊ नये. मोठ्याने बहुतेक सगळेच अँप्लिफायर बरे वाजतात. आवाज अगदी लहान केल्यावर जवारी, म्हणजे तारेचा झणकार, शाबूत राहते का, हे पाहिले पाहिजे, आणि नेमक्या त्याच जागी व्हॉल्यूम कंट्रोलचे खरे रूप उघडे पडते.

हे मला पुस्तकातून नव्हे, तर आजोबांच्या रेडिओमुळे कळले. आमचे घर मंगळवार पेठेत होते आणि आजोबा उद्यमनगरातल्या कारखान्यात टर्नर होते. दुसरी पाळी संपवून ते घरी येत तेव्हा निम्मे घर झोपलेले असे. जेवण झाल्यावर ते रेडिओजवळ पाट ओढून बसत आणि सांगली केंद्र लावून नाट्यसंगीत ऐकत, तेही इतक्या हळू की पलीकडच्या खोलीत आजीला काही कळू नये. पुढे कंट्रोल खरखरू लागला, म्हणून रेडिओ दुरुस्तीला दिला. आठ दिवसांनी तो परत आला. नवा कंट्रोल बसवला होता, खरखर गेली होती, पैसेही वाजवी घेतले होते. परंतु त्या दिवसापासून रेडिओला लहान आवाज म्हणून उरलाच नाही. दांडी हलवली नाही तर शांतता, आणि केसभर हलवली की शेजारच्या वाड्यापर्यंत गाणे. ज्यांच्या बोटांना लेथवर दोन थाऊचा (इंचाच्या दोन हजारांशाचा) फरक कळत असे, त्या माणसाला स्वतःच्या रेडिओचा आवाज लावता येईना. त्यांनी बटणावर पेन्सिलीने खूण केली, स्पीकरच्या जाळीवर पंचाची घडी टाकून पाहिली, दुकानात दोनदा खेपा घातल्या. तिथे त्यांना सांगण्यात आले, की कंट्रोल ५०० किलोओहमचाच आहे, जुनाही तेवढाच होता, तेव्हा दोष रेडिओचा नसून ऐकण्याचा असावा. आजोबांनी वाद घातला नाही. रेडिओ फडताळावर गेला आणि रात्रीचे गाणे बंद झाले.

तंत्रनिकेतनात शिकत असताना मी तो रेडिओ खाली काढून कंट्रोल मीटरला लावला. एकूण रोध ५०० किलोओहम बरोबर होता. मात्र दांडी मधोमध आणल्यावर जिथे ५० ते ७५ च्या आसपास आकडा दिसायला हवा होता, तिथे सरळ २५० दिसला. आकडा जुळवला होता, चाल जुळवली नव्हती. लॉग पॉटच्या, म्हणजे सुरुवातीला रोध हळूहळू वाढवणाऱ्या कंट्रोलच्या, जागी लिनिअर, म्हणजे सरळ प्रमाणात वाढवणारा, पॉट बसवला होता. मी आजोबांना ते सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “म्हणजे माझा कान ठीक होता.” त्या वाक्यासाठी मी हा विषय तीस वर्षे शिकवला.

कान मोजतो तो बेरजेने नव्हे, गुणाकाराने. एकोणिसाव्या शतकात वेबर आणि फेख्नर या जर्मन शास्त्रज्ञांनी संवेदनेविषयी जे मांडले त्याचा सारांश हाच आहे, आणि ग्रॅहॅम बेल यांचे नाव धारण करणारे डेसिबल हे मापही त्याच तत्त्वावर चालते. विद्युतदाब दहावा भाग केला की पातळी २० डेसिबलने उतरते. हजारावा भाग केला की ६० ने. व्हॉल्यूमची दांडी साधारण ३०० अंश फिरते. सरळ चालीच्या पॉटमध्ये शांततेपासून उणे २० डेसिबलपर्यंतचा (म्हणजे पूर्ण आवाजाच्या २० डेसिबल खालपर्यंतचा) सारा प्रदेश, म्हणजे निजानीज झालेल्या घरात ऐकायचा जवळजवळ सगळा आवाज, पहिल्या ३० अंशांत कोंबलेला असतो आणि उरलेल्या २७० अंशांत फक्त वरचे २० डेसिबल पसरलेले असतात. जाता जाता एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. आज बाजारात पॉटवर ‘ए’ म्हणजे लॉग आणि ‘बी’ म्हणजे लिनिअर असे बहुधा धरतात. जुन्या युरोपीय बनावटीत हीच अक्षरे उलट अर्थाने वापरली जात. म्हणून अक्षरावर विसंबू नये, दांडी मधोमध ठेवून मीटर लावावा.

चाल बरोबर असली तरी पॉट झिजतोच, हे उद्यमनगरातल्या माणसांना सांगायला नको. कार्बनच्या पट्टीवर धातूची जीभ घासते, धूळ बसते, आणि आधीचा कपॅसिटर गळू लागून पट्टीवर डी.सी. आली की खरखर आणखी वाढते. स्टिरिओमध्ये एकाच दांडीवरच्या दोन पट्ट्या लहान आवाजात जुळत नाहीत, त्यामुळे गायक डाव्या-उजव्या बाजूला सरकतो. एवढ्या एका सुट्या भागापायी चांगले अँप्लिफायर भंगारात जाताना मी पाहिले आहेत आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरली आहेत. तेव्हा मुख्य भाग थोडक्यात मांडतो.

पाटाचे पाणी शेताला कमी द्यायचे असेल तर दोन मार्ग असतात. पाटाचे तोंड अरुंद करावे, किंवा पाट पूर्ण उघडून पाळीचे तास कमी करावेत. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे काढले की वाट मोकळी आणि घातले की बंद. पॉट हा पहिला मार्ग आहे आणि पी.डब्ल्यू.एम. हा दुसरा. ४०६६ मध्ये चार इलेक्ट्रॉनिक स्विच आहेत. ध्वनीचा संदेश त्यांतल्या एका स्विचमधून न्यायचा आणि तो स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करायचा. प्रत्येक फेरीत तो निम्मा वेळ उघडा राहिला तर सरासरीने निम्मा संदेश पुढे जातो, दहावा भाग राहिला तर दहावा. पुढे रोध आणि कपॅसिटरची गाळणी ठेवली की जमीन जशी पाळीचे पाणी मुरवून घेते तसे तुकडे मुरून अखंड गाणे उरते. तुमच्या कारखान्यातला ड्राइव्हही मोटारीचा वेग असाच आवरतो. इथे काहीच घासत नाही. दोन्ही बाजूंच्या स्विचना उघडझाप करायला लावणारी एकच स्पंदमाला दिली की डावे-उजवे आपोआप जुळते. शिवाय खुद्द गाणे बटणापर्यंत न्यावे लागत नसल्याने लांब तारेतून येणारी ५० हर्ट्झची गुणगुण त्यात शिरत नाही.

दोन चुका हमखास होतात. पहिली अशी, की स्विच नुसता बंद करून भागत नाही; पुढच्या कपॅसिटरवर साठलेला दाब तसाच राहतो आणि आवाज कमी होतच नाही. बंद काळात दुसऱ्या स्विचने ती वाट स्थिर पातळीला, म्हणजे पुरवठ्याच्या निम्म्या दाबाला, जोडावी लागते. दुसरी चूक उघडझापीच्या वेगाची. अभियंते नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये मांडलेल्या विचारानुसार २० किलोहर्ट्झपर्यंतच्या ध्वनीसाठी हा वेग ४० किलोहर्ट्झच्या वर हवा, आणि साध्या गाळणीला काम सोपे जावे म्हणून त्याहून बराच वर ठेवावा.

आणि इथेच आजोबांचा रेडिओ पुन्हा समोर येतो. ही स्पंदमाला देणाऱ्या १६ मेगाहर्ट्झच्या साध्या मायक्रोकंट्रोलरवर (छोट्या संगणक-चिपवर) फेरीचे २५६ भाग केले तर वेग ६२.५ किलोहर्ट्झ मिळतो, तो चालतो. पण हे भाग सरळ चालीचे आहेत! उणे ४० डेसिबलजवळ उघडे भाग २ वरून ३ वर गेले की आवाज साडेतीन डेसिबलने उडी मारतो. बारीक पायऱ्यांसाठी १०२४ भाग करावेत, तर वेग १५.६ किलोहर्ट्झवर येतो आणि उघडझापीची शिट्टी थेट कानात शिरते. यावर माझा उपाय असा, की एकाच स्पंदमालेवर दोन टप्पे (प्रत्येकात असे दोन स्विच) एकापुढे एक ठेवावेत आणि मध्ये गाळणी घालावी. ती नसेल तर दोन्ही दारे एकदमच उघडतात आणि दुसऱ्या टप्प्याचा काही उपयोग होत नाही. गाळणी असली की दहाव्या भागाचा दहावा भाग होतो. तीच उणे ४० डेसिबलची पातळी आता २५-२६ या आकड्यांजवळ येते आणि पायरी साधारण ०.७ डेसिबलची होते. अर्धी दांडी म्हणजे उणे १२ डेसिबल. लॉग पॉटच्या जवळची चाल कोणत्याही कोष्टकाशिवाय मिळते. एका ४०६६ मध्ये चार स्विच असल्याने एका बाजूचे दोन्ही टप्पे त्यातच बसतात.

वेळ संपली आहे. व्यवस्थापकांनी कृपया दोन मिनिटे पंखे बंद करावेत आणि मागच्या रांगांतल्यांनी पुढे यावे. प्रथम एकच टप्पा जोडतो आणि आकडा २ वरून ३ वर नेतो. ती उडी सगळ्यांना ऐकू येईल. आता दोन्ही टप्पे जोडले आहेत. पंचविसावर आहे. सव्वीस. खर्जाची तार ऐका.